हवा तो सहगुणक मागा: प्रिमिटिव्ह बहुपदी आणि चार अपवाद

बाकी_शून्य

किराणा दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर कोड थोडा खरवडला, त्यावर तेलाचा डाग पडला, तरी मोबाइल तो वाचतो. ही करामत रीड-सॉलोमन कोडची, म्हणजे वाचताना झालेल्या चुका स्वतःच दुरुस्त करणाऱ्या कोडची. क्यूआरच्या मानकात त्यासाठी एक बहुपदी ठरवून दिलेली आहे: क्ष^८ + क्ष^४ + क्ष^३ + क्ष^२ + १. एईएस नावाची जी कूटपद्धत जगभर वापरतात, तिच्यातली बहुपदी आहे क्ष^८ + क्ष^४ + क्ष^३ + क्ष + १. दोघींत फरक एकाच पदाचा, पण पहिली प्रिमिटिव्ह आहे आणि दुसरी नाही.

प्रिमिटिव्ह म्हणजे काय, ते आधी उरकतो. सहगुणक फक्त ० आणि १ घ्यायचे, १ + १ = ० धरायचं. अवयव पडत नाहीत अशी एन कोटीची बहुपदी घ्या (कोटी म्हणजे तिच्यातला सर्वांत मोठा घात). आता क्ष, क्ष^२, क्ष^३ असे घात घेत जा आणि दर वेळी त्या बहुपदीने भागून फक्त बाकी ठेवा. शून्य सोडलं तर २^एन − १ वेगवेगळ्या बाक्या शक्य आहेत. कधी ना कधी बाकी १ येते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सगळ्या बाक्यांना हजेरी लावून मगच १ आला, तर ती बहुपदी प्रिमिटिव्ह. क्यूआरवाली पूर्ण २५५ पायऱ्या चालते. एईएसवाली ५१ व्या पायरीलाच घरी परतते. (एईएसचं त्यावाचून काही अडत नाही, तिथे अवयव न पडणं पुरतं.)

दोनऐवजी तीन, चार, पाच, सात घटकांचं, कुठलंही फायनाइट फील्ड (मोजके घटक, पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं चालतं अशी व्यवस्था) घेतलं तरी व्याख्या तीच, फक्त घटक क्यू असतील तर पायऱ्या क्यू^एन − १. अशा बहुपदी किती, याचं सूत्र जुनंच आहे: क्यू^एन − १ पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या मोजा, एन ने भागा. दोनच्या फील्डवर कोटी ८ च्या १६ निघतात (अवयव न पडणाऱ्या एकूण ३०), कोटी १० च्या ६० (एकूण ९९).

म्हणजे माल भरपूर आहे. माल भरपूर दिसला की गिऱ्हाईक अटी घालतं. मला क्ष^५ चा सहगुणक शून्यच हवा, किंवा क्ष^७ चा एकच हवा. अशी एखादी तरी मिळेल याची खात्री कोण देणार?

तीन घटकांच्या फील्डवर (०, १, २) कोटी ३ घेऊ, कारण ही यादी चार ओळींत मावते. प्रिमिटिव्ह बहुपदी चारच आहेत:

क्ष^३ + २क्ष + १
क्ष^३ + २क्ष^२ + १
क्ष^३ + क्ष^२ + २क्ष + १
क्ष^३ + २क्ष^२ + क्ष + १

क्ष^२ चे सहगुणक वरून खाली वाचा: ०, २, १, २. क्ष चे: २, ०, २, १. दोन्हीकडे ०, १, २ तिघेही आले. फक्त चार बहुपदी, तरी कुठलाही एक सहगुणक मागा, मिळतो. शेवटचं स्थिर पद मात्र चौघींत १ च आहे. तिथे निवडीला वाव नसतो, कारण बहुपदीच्या मुळांचा गुणाकार स्वतः सहगुणकांच्या लहान फील्डचा जनक (ज्याच्या घातांतून तिथले सगळे शून्येतर घटक निघतात तो) असावाच लागतो. त्यामुळे स्थिर पद आपण या खेळाबाहेर ठेवू.

टॉम हॅन्सन आणि गॅरी मुलन यांनी १९९२ मध्ये अशा बहुपदींचे लांबलचक तक्ते छापले. ९७ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या पी आणि पी^एन ही १०^५० च्या आत राहील अशी प्रत्येक कोटी, अशा दर जोडीला एक बहुपदी, तीही कमीत कमी पदांची. त्याच लेखात त्यांनी अटकळ मांडली: कोटी २ किंवा जास्त असेल, तर स्थिर पद सोडून कुठलाही एक सहगुणक तुमच्या मनाप्रमाणे ठरवा, तशी प्रिमिटिव्ह बहुपदी असतेच. अपवाद इतकेच:

(अ) कोणतंही फील्ड, कोटी २, क्ष चा सहगुणक ०.
(आ) चार घटकांचं फील्ड, कोटी ३, क्ष^२ चा सहगुणक ०.
(इ) तेच फील्ड, तीच कोटी, क्ष चा सहगुणक ०.
(ई) दोन घटकांचं फील्ड, कोटी ४, क्ष^२ चा सहगुणक १.

बस. अनंत फील्ड, अनंत कोट्या, आणि न जमणाऱ्या गोष्टींची यादी पोस्टकार्डावर मावते. ही अटकळ आता सिद्ध झालेलं प्रमेय आहे, आणि मला त्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. 'पुरेशा मोठ्या एन साठी' अशी पळवाट यात नाही.

सर्वांत वरच्या सहगुणकाचा (क्ष^(एन−१) चा) निकाल ग्लासगोच्या स्टीफन कोहेन यांनी १९९० मध्येच लावला होता. बाकीचे सहगुणक हट्टी निघाले. 'प्रिमिटिव्ह'ऐवजी नुसतं 'अवयव न पडणारी' एवढंच मागितलं, तर त्याचा निकाल डाचिंग वान यांनी १९९७ मध्ये जवळपास पूर्ण लावला आणि उरलेली लहान प्रकरणं पुढच्याच वर्षी संगणकावर तपासली गेली. प्रिमिटिव्हसाठी कोहेन यांनी २००६ मध्ये ९ आणि त्यापुढच्या सगळ्या कोटी निकालात काढल्या. २००८ मध्ये मतेया प्रेशर्न यांच्यासोबत खालच्या कोटीही संपवल्या. सोळा वर्षं लागली.

चारही अपवाद शाळेच्या बीजगणितावर समजतात. ते मी मुद्दाम लिहीत नाही, कुणीतरी करून बघा.

---

ताकपिठ्या

पहिला!

क्यूआरपर्यंत सगळं समजलं. 'माल भरपूर' इथपर्यंतही आलो. त्यापुढे रविवारी, चहाबरोबर.

---

रजिस्टरवाली

शेवटी एकदाचा माझ्या रोजच्या भाजी-भाकरीवर धागा आला. नॅव्हिगेशन रिसीव्हरवर काम करते, त्यामुळे दोन-तीन गोष्टी जोडते.

आमच्याकडे ही बहुपदी म्हणजे शिफ्ट रजिस्टर, दर टिकेला बिट एकेक खाना पुढे सरकवणारं सर्किट. क्ष^४ + क्ष + १ घ्या. चार खान्यांत १, ० , ०, ० भरा. दर टिकेला पुढचा बिट = चार आधीचा अधिक तीन आधीचा (एक्सॉर, म्हणजे १ + १ = ० वाली बेरीज). निघतं:

१०००१००११०१०१११

आणि मग पुन्हा १०००. पंधरा बिट, आठ एक, सात शून्य. चार बिटांचा ०००० सोडून प्रत्येक नमुना यात बरोबर एकदा येतो, हवं तर बोट ठेवून मोजा. आता क्ष^४ + क्ष^३ + क्ष^२ + क्ष + १ घ्या. हिचेही अवयव पडत नाहीत, पण त्याच १००० पासून १०००१, १०००१ असं पाचातच फिरत बसतं. सिग्नलच्या दृष्टीने कुचकामी.

जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये दहा खान्यांची दोन रजिस्टरं असतात. पहिलं क्ष^१० + क्ष^३ + १, दुसरं क्ष^१० + क्ष^९ + क्ष^८ + क्ष^६ + क्ष^३ + क्ष^२ + १. दोन्ही प्रिमिटिव्ह, दोन्हींची लांबी १०२३. त्यांची बेरीज करून प्रत्येक उपग्रहाला वेगळा गोल्ड कोड, म्हणजे त्याची ओळख पटवणारी बिटांची माळ, मिळतो. इस्रोच्या नाविकमध्ये सामान्य वापरासाठी जो सिग्नल आहे, त्याच्या जाहीर दस्तऐवजातही याच दोन बहुपदी आहेत. फक्त सुरुवातीला खान्यांत काय भरायचं ते उपग्रहागणिक वेगळं.

आता तक्रार. हे अस्तित्वाचं प्रमेय मला कामात एकदाही लागलं नाही. आम्ही तक्ता उघडतो, हव्या कोटीची बहुपदी उचलतो, पुढे जातो. आणि हार्डवेअरवाल्याला एक सहगुणक मनासारखा नको असतो, *जवळपास सगळेच शून्य* हवे असतात. प्रत्येक १ म्हणजे एक एक्सॉर गेट. ते मागितलं तर तुमचं प्रमेय काय म्हणतं?

---

बाकी_शून्य

@रजिस्टरवाली, प्रमेय म्हणतं, एकच मागा. जास्त मागितलंत तर हमी नाही. आणि कधीकधी चक्क नकार मिळतो.

सर्वांत स्वस्त बहुपदी म्हणजे तीन पदांची: क्ष^एन + क्ष^के + १. रिचर्ड स्वान यांच्या १९६२ च्या निकालातून निघतं, की कोटी ८ च्या पटीत असेल तर दोनच्या फील्डवर अशा त्रिपदीचे अवयव पडतातच (त्यांची संख्या सम येते, म्हणजे एक कधीच नाही). प्रिमिटिव्ह असण्याचा प्रश्नच मिटला. म्हणून क्यूआरच्या आठ कोटीच्या बहुपदीला पाच पदं आहेत, तिनात भागतच नाही. आणि नेमके ८, १६, ३२, ६४ हेच आकडे संगणकवाल्यांना हवे असतात!

उलट २^एन − १ हीच मूळ संख्या असेल, तर अवयव न पडणारी प्रत्येक बहुपदी आपोआप प्रिमिटिव्ह. हा आधार घेऊन रिचर्ड ब्रेंट, पॉल झिमरमन आणि मंडळी वर्षानुवर्षं प्रचंड त्रिपदी शोधत होती. त्यांची एक: क्ष^६९७२५९३ + क्ष^३०३७९५८ + १. तिची कोटी एकोणसत्तर लाखांच्या पुढे, आणि एक्सॉर गेट एक.

---

ताकपिठ्या

आलो परत, चहाशिवायच. म्हणजे हे स्थळ बघण्यासारखं आहे. 'मुलगी नोकरी करणारी हवी' एवढीच अट असेल तर चार घरं सोडून सगळीकडे जमतं. 'नोकरी, गोरी, एकुलती, पुण्यातली आणि कमी बोलणारी' म्हटलं की आठाच्या पटीत बसा.

---

रजिस्टरवाली

@ताकपिठ्या, 'कमी बोलणारी' मागणाऱ्याला ते फिरत बसणारं पाचाचं रजिस्टर द्यावं. :)

---

उंबरठा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गृहपाठ घेतला. (अ) आणि (ई) झाले.

(अ) कोटी २, क्ष चा सहगुणक ०. म्हणजे बहुपदी क्ष^२ + ब. मूळ अ असेल तर अ^२ = −ब, हा लहान फील्डचाच घटक. लहान फील्डमधल्या शून्येतर घटकाचा (क्यू − १) वा घात १ असतो. म्हणून अ चा २(क्यू − १) वा घात १. पण प्रिमिटिव्ह व्हायला (क्यू − १)(क्यू + १) पायऱ्या हव्यात, आणि क्यू + १ कधीही २ पेक्षा मोठाच. संपलं. म्हणूनच हा अपवाद सगळ्या फील्डना लागू आहे.

(ई) दोनचं फील्ड, कोटी ४, क्ष^२ चा १. स्थिर पद १ असलंच पाहिजे, त्यामुळे उमेदवार चारच:
क्ष^४ + क्ष^२ + १ = (क्ष^२ + क्ष + १)^२.
क्ष^४ + क्ष^२ + क्ष + १ : पदं चार, क्ष = १ घातलं की ०, म्हणून क्ष + १ ने भाग जातो.
क्ष^४ + क्ष^३ + क्ष^२ + १ : तेच.
क्ष^४ + क्ष^३ + क्ष^२ + क्ष + १ : ही ताईंची पाचात फिरणारी.
चौघी बाद.

(इ) हा (आ) चा आरसा असावा. बहुपदी उलट क्रमाने लिहिली की मुळांचे व्यस्त मिळतात, प्रिमिटिव्हपणा तसाच राहतो, क्ष आणि क्ष^२ चे सहगुणक जागा बदलतात आणि शून्य शून्यच राहतो. पण (आ) वर अडलोय. चौसष्ट घटकांचं फील्ड हाताने उलगडत बसायचं का?

---

सव्वाशेर

छान केलंस रे. (आ) ला उलगडायची गरज नाही, दोन ओळींत होतं.

चारच्या फील्डवरची घन बहुपदी, तिचं एक मूळ अ. तर तिन्ही मुळं अ, अ^४, अ^१६. क्ष^२ चा सहगुणक शून्य म्हणजे मुळांची बेरीज शून्य:

अ + अ^४ + अ^१६ = ०

अ ने भाग दे: १ + अ^३ + अ^१५ = ०. अ^३ ला ब म्हण. ब^५ + ब + १ = ०. आता याचे अवयव पाड, दोनच्या अंकगणितात:

ब^५ + ब + १ = (ब^२ + ब + १)(ब^३ + ब^२ + १)

गुणून बघ, मधलं सगळं जोडीजोडीने उडतं. पहिला अवयव शून्य असेल तर ब^३ = १, म्हणजे अ^९ = १. दुसरा शून्य असेल तर ब^७ = १, म्हणजे अ^२१ = १. प्रिमिटिव्ह व्हायला अ ला ६३ पायऱ्या चालायला हव्यात. ९ किंवा २१ च्या आत घरी परतणारा ६३ पर्यंत कुठला जातोय!

गंमत अशी की यात नशिबाचा भाग काहीच नाही. घातातले १५ आणि ३ हे दोन्ही आकडे ३ ने भागले जातात, म्हणून ब येतो, म्हणून अवयव दिसतात. दुसऱ्या एखाद्या फील्डमध्ये असा योग जुळला तरी बाकी जागा इतकी असते की प्रिमिटिव्ह घटक निसटतो. इथे शून्य बेरजेचे शून्येतर घटक जेमतेम पंधरा. सगळेच सापडले.

---

उंबरठा

काका, एक नंबर! ब^५ + ब + १ चे अवयव पडतात हे डोक्यातच आलं नाही.

---

नेमस्त

लेख माहितीपूर्ण आहे. दोन आक्षेप नोंदवतो.

एक, 'लहान प्रकरणं संगणकावर तपासली' हे वाक्य फार सहज आलं आहे. ज्या सिद्धतेचा तळ यंत्राने भरला, तिला सिद्धता म्हणायचं का, हा प्रश्न माझ्या पिढीला पडतो. याच विषयातलं उदाहरण घ्या. प्रिमिटिव्ह नॉर्मल बेसिसचं प्रमेय लेन्स्ट्रा आणि स्कूफ यांनी १९८७ मध्ये पूर्ण केलं, त्यात संगणकाची मदत होती. कोहेन आणि सोफी हुचिन्स्का यांना २००३ मध्ये तेच प्रमेय संगणकाशिवाय पुन्हा सिद्ध करावंसं वाटलं, आणि ते त्यांनी शीर्षकातच जाहीर केलं. म्हणजे खटकत होतंच कुणालातरी.

दोन, 'असतेच' हे कशाच्या जोरावर, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

---

बाकी_शून्य

नेमस्त सर, दुसरा आक्षेप आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

सगळं मोजणीवर चालतं. अ हा घटक प्रिमिटिव्ह असेल तर १, नसेल तर ० असं उत्तर देणारं एक सूत्र आहे. ते गुणाकाराशी जुळणाऱ्या कॅरेक्टर्सच्या (फील्डच्या घटकांना एकक वर्तुळावरच्या संमिश्र संख्या देणाऱ्या फलनांच्या) बेरजेतून बनतं. 'सहगुणक हवा तोच आहे का' याला १ किंवा ० देणारं दुसरं सूत्र, ते बेरजेशी जुळणाऱ्या कॅरेक्टर्सचं. दोन्ही गुणा आणि फील्डभर बेरीज घ्या. एक मुख्य पद निघतं, आणि बाकी सगळी लुडबूड करणारी पदं. आंद्रे वेय यांच्या अंदाजामुळे त्या प्रत्येक लुडबुड्याचा आकार क्यू^(एन/२) च्या आसपास राहतो. त्यांची संख्या अवलंबून असते ती क्यू^एन − १ ला वेगवेगळे मूळ अवयव किती यावर. अवयव डब्ल्यू असतील तर साधारण २^डब्ल्यू.

सर्वांत वरच्या सहगुणकासाठी ढोबळ हिशेब असा बसतो: क्यू^(एन/२ − १) हे २^डब्ल्यू पेक्षा मोठं असेल तर काम फत्ते. दोनच्या फील्डवर कोटी १० घ्या. डावीकडे २^४ = १६. १०२३ = ३ × ११ × ३१, म्हणून उजवीकडे ८. जमलं. चारच्या फील्डवर कोटी ३ घ्या. डावीकडे ४ चं वर्गमूळ २. ६३ चे मूळ अवयव ३ आणि ७, उजवीकडे ४. नाही जमलं, आणि सव्वाशेरांनी दाखवलंच की तिथे खरोखर नाहीये. कोटी २ ला डावीकडे कायम १, म्हणजे या मार्गाने कधीच जमणार नाही.

असमानता जिथे तुटते, तिथे अपवाद असतोच असं नाही. पण अपवाद असला तर तिथेच असतो. आणि कोटी २ सोडली तर ती जागा मर्यादित राहते, कारण क्यू^एन वाढतं त्या मानाने डब्ल्यू फार हळू वाढतो. चाळणी लावून ती यादी आणखी बारीक करतात. उरलेल्या मोजक्या ठिकाणी प्रत्यक्ष बहुपदी शोधून दाखवायची. सर, इथे यंत्र 'असावी' असं सांगत नाही, ते बहुपदी काढून हातात देतं. ती खरी की खोटी हे तुम्ही कागदावर तपासू शकता. चार रंगांच्या प्रमेयासारखा हा मामला नाही.

---

नेमस्त

हे पटण्यासारखं आहे. पण मग सोळा वर्षं का लागली? १९९० मध्ये वरचा सहगुणक झाला होता. पुढच्याला तीच युक्ती लावायची.

---

सव्वाशेर

सर, मी सांगू का? कारण न्यूटन दोनच्या फील्डवर दगा देतो.

वरचा सहगुणक म्हणजे, चिन्ह सोडलं तर, मुळांची बेरीज, ती कॅरेक्टरच्या पोटात सरळ जाते. दुसरा सहगुणक म्हणजे मुळांच्या जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज, तिला स म्हणू. ती थेट जात नाही, घातांच्या बेरजांमधून आणावी लागते. न्यूटनचं सूत्र आपण सगळे शिकलो:

२स = (मुळांची बेरीज)^२ − (मुळांच्या वर्गांची बेरीज)

दोनच्या फील्डवर डावीकडे २ म्हणजे ०. उजवीकडे वर्गांची बेरीज म्हणजेच बेरजेचा वर्ग, तेही ०. शून्य बरोबर शून्य. स बद्दल सूत्राने तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या सहगुणकाला तीनच्या फील्डवर हेच होतं, पुढेही तसंच.

फान शूचिन आणि हान वनबाव यांनी यावर तोड काढली ती पी-ॲडिक मार्गाने. दोनच्या अंकगणितातून वर चढून चारच्या अंकगणितात (४ ने भागून बाकी ठेवायची, चार घटकांचं फील्ड नव्हे) जायचं, म्हणजे गॅल्वा रिंगमध्ये. तिथे २ ची बाकी २ च राहते, ० होत नाही, आणि २स मधून स वाचता येतो. मग तिथल्या कॅरेक्टर बेरजांचे अंदाज बांधायचे. २००४ च्या सुमाराला हे आलं. कोहेन यांनी त्यावर आपली चाळणी बसवली आणि ९ आणि त्यापुढचं मैदान साफ झालं.

तरी मधला सहगुणक सगळ्यात त्रासदायक राहतो. वरून मोजायचं की खालून, ते निवडता येतं (उंबरठाने वापरलेला तोच आरसा), पण बरोबर मध्यावरचा दोन्हीकडून सारखाच लांब. वर (ई) बघा, कोटी ४ मध्ये क्ष^२ च अडला होता.

---

ताकपिठ्या

'सूत्राने तोंडातून शब्द काढला नाही' हे वाक्य चोरतोय, ऑफिसच्या मीटिंगमध्ये वापरणार.

---

पाऊसपाणी

वाचनमात्र होते, पण राहवलं नाही. हे सगळं मूळ संख्यांच्या अंकांसारखं नाही वाटत? 'शेवटून चौथा अंक ७ असलेली मूळ संख्या' मागितली तर मिळते. एकही ७ नसलेल्या मूळ संख्याही अनंत आहेत, हे मेनार्ड यांचं २०१९ चं काम. बहुपदीचे सहगुणक म्हणजे तिचे अंकच की.

---

बाकी_शून्य

@पाऊसपाणी, अगदी तेच नातं आहे, आणि लोक दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. अवयव न पडणारी बहुपदी म्हणजे मूळ संख्येची जुळी बहीण. तिथे आता एकच नाही, तर कोटीच्या जवळपास एक चतुर्थांश इतके सहगुणक कुठल्याही जागी ठरवून देता येतात, फील्ड पुरेसं मोठं असेल तर. हा २०१६ चा निकाल. पण 'प्रिमिटिव्ह' ही अट घातली की मूळ संख्यांकडे तिला जोड सापडत नाही, आणि तिथे गाडी फारच हळू चालते. पहिले दोन, पहिले तीन ठरवून द्या, इथपर्यंतचे निकाल आहेत. हान यांचा १९९६ चा दोन सहगुणकांचा निकाल विषम घटकसंख्येच्या फील्डवर कोटी ७ पासून पुढे चालतो.

आपल्याकडचंही सांगतो. आयआयटी दिल्लीचे आर. के. शर्मा आणि अंजू गुप्ता यांनी कोहेन यांच्यासोबत २०१८ मध्ये एक लेख लिहिला. त्यात अ प्रिमिटिव्ह, अ + १/अ हाही प्रिमिटिव्ह, आणि शिवाय अ ची ट्रेस, म्हणजे चिन्ह सोडता वरचा सहगुणक, ठरवलेला, असं तिहेरी मागणं आहे. कोटी ५ पासून पुढे ते पुरं होतं. आणि रजिस्टरवाली, तुमच्या उपयोगाचं: आयआयटी मुंबईचे सुधीर घोरपडे यांनी सरताज उल हसन आणि मीना कुमारी यांच्यासोबत २०११ मध्ये शब्दावर चालणाऱ्या शिफ्ट रजिस्टरांवर लिहिलंय. म्हणजे एका टिकेला एक बिट न देता प्रोसेसरचा अख्खा शब्द देणारी रजिस्टरं. त्यातल्या प्रिमिटिव्ह किती, हा तिथला प्रश्न.

---

रजिस्टरवाली

हे शोधून वाचते. पण आता खरं काम सांगते. मला कोटी ६४ ची हवी आहे, आणि क्ष^३२ चा सहगुणक १ पाहिजे. कारण विचारू नका, मांडणीचा लफडा आहे. तक्त्यात मिळते ती क्ष^६४ + क्ष^४ + क्ष^३ + क्ष + १. तिचं क्ष^३२ शून्य. तुमचं प्रमेय म्हणतं असतेच. बरं. शोधू कशी?

---

बाकी_शून्य

प्रमेय शोधून देत नाही, पण शोध किती चालेल ते मोजणीतून कळतं.

स्थिर पद १ ठेवा, क्ष^३२ चा १ ठेवा, बाकीचे बिट रँडम घ्या, पण पदांची एकूण संख्या विषम ठेवा (सम असेल तर क्ष + १ ने भाग जातोच). अशा बहुपदींपैकी साधारण १६ तली एक अवयव न पडणारी असते. २^६४ − १ चे अवयव सगळ्यांना पाठ असतात:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

म्हणून अवयव न पडणाऱ्यांतल्या जवळजवळ निम्म्या प्रिमिटिव्ह निघतात. (२/३ × ४/५ × १६/१७ असं गुणत जा, ०.५ च्या किंचित खाली थांबतं.) म्हणजे सरासरी बत्तीसेक बहुपदी तपासल्या की एक हाती लागावी. क्ष^३२ चा सहगुणक आधीच ठरवून टाकल्याने या प्रमाणात जाणवण्यासारखा फरक पडू नये.

तपासणी: आधी अवयव पडतात का ते बघा. नाही पडले, तर वरच्या सातही मूळ अवयवांसाठी क्ष चा (२^६४ − १)/अवयव इतका घात काढा, वर्ग करत करत. सातांपैकी एकाही ठिकाणी बाकी १ आली नाही की ती प्रिमिटिव्ह.

---

रजिस्टरवाली

सात घात, दर वेळी चौसष्टच्या आसपास वर्ग. हे तर डब्यातली पोळी संपायच्या आत होईल. चालवते आणि बहुपदी इथे टाकते. पाच पदांत बसली तर उत्तम, नाहीतर सात.

---

उंबरठा

ताई, पाच पदांतल्या आधी सगळ्या चाळून बघा ना. स्थिर पद, क्ष^६४ आणि क्ष^३२ ठरलेले, उरली दोनच पदं. ६२ जागांतून २, म्हणजे १८९१ उमेदवार. बत्तिसात एक धरली तर साठेक मिळायला हव्यात.

---

सव्वाशेर

@उंबरठा, हिशेब बरोबर, पण पाच पदांच्या बहुपदी 'रँडम' नसतात, तिथे सरासरीवर विसंबू नकोस. उरलेली दोन्ही पदं सम घातांची निघाली तर आख्खी बहुपदी वर्ग होते, ती आधीच गाळ. राहिलेल्यांतही क्ष च्या जागी व्यस्त घालून जोड्या लागतात. क्ष^३२ बरोबर मध्यावर असल्यामुळे उलटी बहुपदीही याच यादीत येते, म्हणून निम्म्याच तपासल्या तरी चालतील.